निकाल कोणत्या डावावर?

मे २००९ मध्ये एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी दोन आठवडे तोक्योत होतो. विषय होता सार्वजनिक खर्चाचे मूल्यमापन. रविवारी बरोबरचे अधिकारी खरेदीला गेले आणि मी, मूळचा कोल्हापूरकडचा असल्यामुळे असेल, र्‍योगोकू येथील कोकुगिकान या सभागृहात सुमो पाहायला गेलो. तिकीट वरच्या मजल्यावरचे, सर्वांत स्वस्त. तेथून पैलवान लहान दिसतात, परंतु अंगावर अंग आदळल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

नियम समजायला पाच मिनिटे पुरतात. ४.५५ मीटर व्यासाचे रिंगण. पाऊल बाहेर पडले किंवा तळपायाखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला लागला की हार. बहुतेक लढती काही सेकंदांत संपतात. मला नवल वाटले ते लढत संपल्यानंतरचे. दर वेळी ध्वनिक्षेपकावरून विजेत्याच्या नावाबरोबर आणखी एक शब्द पुकारला जाई. त्याला किमारिते म्हणतात, म्हणजे लढत ज्या डावावर निकाली निघाली त्या डावाचे अधिकृत नाव. आमच्या मैदानांतही निवेदक ‘घिस्सा डावावर चितपट’ असे गर्जून सांगतो, पण ते कौतुक असते. तिकडे ती नोंद असते आणि प्रत्येक पैलवानाच्या खात्यावर कायमची राहते.

जपान सुमो संघटनेच्या यादीत पूर्वी ७० डाव होते, २००१ पासून ८२ आहेत. प्रत्यक्षात चलनात असतात ते थोडेच. योरिकिरी म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या कमरेचा पट्टा धरून, अंगाला अंग भिडवून, त्याला रिंगणाबाहेर नेणे. ओशिदाशी म्हणजे पट्टा न धरता तळव्यांनी ढकलत बाहेर काढणे. जवळपास निम्म्या लढती या दोहोंवरच संपतात. झेपावणाऱ्याला बगल देऊन खाली दाबला तर हाताकिकोमी, हातावरून पट्टा पकडून फेकला तर उवातेनागे. उरलेले कित्येक डाव वर्षानुवर्षे दिसत नाहीत. मितोकोरोझेमे नावाच्या डावात एक पाय पायात अडकवायचा, दुसरा हाताने उचलायचा आणि छातीत डोके घालून रेटायचे, तिन्ही एकाच वेळी. १९९० च्या दशकात माइनोउमी नावाच्या एका लहानखुऱ्या पैलवानाने हेही करून दाखवले होते. डावांचे डिपार्टमेंट स्टोअर असे त्याचे टोपणनाव. प्रवेशासाठी तेव्हा १७३ सें.मी. उंचीची अट होती, ती पुरी करण्यासाठी या गृहस्थाने टाळूच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतले! पात्रतेच्या अटींची पूर्तता लोक कशी करतात याचे एवढे बोलके उदाहरण मला आमच्या भरतीप्रक्रियेतही आढळलेले नाही.

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. या ८२ डावांखेरीज आणखी पाच नोंदी आहेत आणि त्यांना जपानी लोक डाव म्हणतच नाहीत. इसामीआशी म्हणजे चढाई करणाऱ्याचेच पाऊल जोशात आधी बाहेर पडणे. कोशिकुदाके म्हणजे समोरच्याने काही न करता आपलीच कंबर खचून खाली बसणे. त्सुकिते आणि त्सुकिहिझा म्हणजे आपणहून हात किंवा गुडघा टेकणे. फुमिदाशी म्हणजे मागे सरकता सरकता आपणच बाहेर पाऊल टाकणे. लढत जिंकली गेली, गुण मिळाला, परंतु विजेत्याचे कर्तृत्व काही नाही, असे ही नोंद सर्वांसमक्ष सांगते.

ते वाचताना मला दहा-बारा वर्षांपूर्वीची एक फाईल आठवली आणि पुढे उतरत्या संध्याकाळी सभागृहातून बाहेर पडेपर्यंत ती डोक्यातून गेली नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस मी उत्तर भारतातील एका कार्यालयात नवा अधिकारी होतो. दरमहा निकाली काढलेल्या अर्जांचे विवरणपत्र वर जाई आणि त्यात माझा आकडा चांगला असे. एका विधवा बाईंचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज होता. पतीची नोकरी दोन कार्यालयांत झालेली. पहिल्यांदा मी अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवला. निकाली. तेथून तो परत आला, तेव्हा नियमाचा हवाला देऊन पुन्हा पाठवला. पुन्हा निकाली. तिसऱ्यांदा कागदपत्रांची पूर्तता मागवली, विहित मुदतीत उत्तर आले नाही म्हणून प्रकरण बंद केले. एकाच बाईंच्या नावावर माझ्या खात्यात तीन निकाल जमा झाले आणि त्यांच्या हाती एक रुपयाही पडला नाही. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना फाईल हाती आली. मी उत्तराधिकाऱ्यासाठी दोन ओळींची टीप लिहिली आणि गाडी पकडली. पुढे काय झाले याची मी कधीच चौकशी केली नाही.

पहिले दोन निकाल योरिकिरी होते, बाईंना माझ्या रिंगणाबाहेर नेऊन सोडणे. तिसरी फुमिदाशी. त्या थकून मागे सरकल्या आणि मी ते माझ्या विजयात धरले.

तोक्योहून परतल्यावर मी माझ्या शाखेत एक साधा रकाना सुरू केला. निकाली काढलेल्या प्रत्येक प्रकरणापुढे ते कशाने निकाली निघाले ते एका वाक्यात लिहायचे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ‘अन्यत्र पाठविले’ हेच वाक्य इतक्या वेळा आले की मीच ओशाळलो. मग हळूहळू वाक्ये सुधारू लागली. प्रकरणे मात्र होती तशीच होती.

याचे मला आश्चर्य वाटायला नको होते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून डग्गन आणि लेव्हिट यांचा २००२ चा सुमोवरील शोधनिबंध मी वाचलेला होता. वरच्या श्रेणींतील पैलवानाला एका स्पर्धेत १५ लढती असतात. आठ जिंकल्या तर बढतीची वाट, सात जिंकल्या तर घसरण. या दोघांनी १९८९ ते २००० या काळातील सुमारे ३२,००० लढती तपासल्या. शेवटच्या दिवशी सात विजयांवर अडलेला पैलवान आणि आठ मिळवून निर्धास्त झालेला पैलवान समोरासमोर आले, तर अडलेला जिंकण्याची अपेक्षा निम्म्याहून थोडी कमी असायला हवी होती. प्रत्यक्षात तो सुमारे ८० टक्के वेळा जिंकत होता. पुढच्या भेटीत बहुधा परतफेड होई. ३१ मार्चचे विवरणपत्र ज्याने भरले आहे त्याला या आलेखातला उंचवटा ओळखीचा वाटेल. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात, तिकडे याओचो.

संख्याशास्त्राने संशय दाखवला होता, पुरावा मिळाला फेब्रुवारी २०११ मध्ये. जुगाराच्या चौकशीत पोलिसांनी जप्त केलेल्या भ्रमणध्वनींवर पैलवानांचे आपसातले संदेश सापडले. त्यांत कोणी हरायचे एवढेच ठरवलेले नव्हते, कसे भिडायचे आणि कसे पडायचे हेही होते. त्या वर्षीची ओसाकाची मार्चमधील स्पर्धा रद्द झाली. १९४६ नंतर असे प्रथमच घडत होते. मला त्या बातमीत खुपले ते हे की ठरवून केलेल्या लढतींचेही किमारिते रीतसर पुकारले गेले असणार आणि नोंदवहीत उतरले असणार, अगदी बिनचूक. डाव खरा होता, लढत खोटी.

तेव्हा माझ्या रकान्याचे मला फार कौतुक राहिले नाही. तरी तो मी बंद केला नाही. शाखेत एक सहायक बाई होत्या, निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या, अक्षर मोत्यासारखे. सगळे सफाईदार वाक्ये लिहू लागले तेव्हाही एका प्रकरणापुढे त्यांनी लिहिले होते, ‘आपण काही केले नाही. अर्जदार पुन्हा आले नाहीत.’

मी शेजारी विचारले, ‘का आले नाहीत?’

फाईल चार दिवसांनी परत आली. त्याच अक्षरात उत्तर होते, ‘आपले पत्र जुन्या पत्त्यावर गेले. नवा पत्ता अर्जाच्या मागच्या बाजूस होता. आज पुन्हा पाठवले.’