गुडफेलोचा क्रॉस

गोऱ्या साहेबांच्या शौर्यपदकांबद्दल माझं मत पक्कं होतं: आपल्याच माणसांवर तोफा डागल्याची बक्षिसी. रायपुरात राहून दुसरं मत होणं तसं अवघडच. शंकर नगरातून जयस्तंभ चौक काही लांब नाही. वीर नारायणसिंहांना १० डिसेंबर १८५७ला याच शहरात फाशी दिलं. पुढच्याच महिन्यात उठाव करणारे हनुमानसिंह निसटले आणि त्यांचे १७ साथीदार एकाच दिवशी फासावर गेले. पदक कुणाला नि फास कुणाला, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

आमच्या शेजारचे सुभेदारकाका खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुडफेलोचं वाचा, मग बोला." चार्ल्स गुडफेलो, बॉम्बे इंजिनिअर्सचा लेफ्टनंट, वय २२. ६ ऑक्टोबर १८५९, बेट द्वारकेचा किल्ला, आत बंडखोर वाघेर. व्हिक्टोरिया क्रॉस.

इंजिनिअर म्हणजे दारूगोळा, असंच मी धरून चाललो होतो. दिल्लीचा काश्मिरी दरवाजा उडवणाऱ्या होम आणि सॉल्केल्ड या इंजिनिअरांना क्रॉस मिळाला तो त्यासाठीच. गुडफेलोच्या मानपत्रात मात्र ना सुरुंग, ना दरवाजा. २८व्या पलटणीचा एक शिपाई किल्ल्याजवळ गोळी लागून पडला. तोड्याच्या बंदुकांचा मारा चालू असताना याने त्याचा देह उचलून आणला. एवढंच. असा देह उचलणं सोपं नसतं. तो गळ्यात हात टाकत नाही, डोकं लोंबतं, पाय घसटतात. उचलणारा कमरेत वाकून चालणार, पळता येणार नाही, आणि तटावरून नेम धरणाऱ्याला दोघांचं मिळून चांगलं मोठं लक्ष्य. लढाईच्या हिशेबात यातून मिळालं काय? काहीच नाही. याला बक्षिसी म्हणायला माझी जीभ रेटेना.

त्यात आणखी एक भानगड निघाली. बेट हे ओखामंडळात, आणि ओखामंडळ बडोद्याच्या गायकवाडांचं. वाघेर मुळात उठले होते ते या अंमलाविरुद्ध; गादीवर तेव्हा खंडेराव महाराज. म्हणजे इंग्रजांनी तिथे मोडलं ते मराठी सत्तेविरुद्धचं बंड! 'आपली माणसं' म्हणताना मी वाघेरांना धरत होतो की गायकवाडांना? वाघेरांचा पुढारी जोधा माणेक, त्याला तर इंग्रज नि गायकवाड दोघेही सारखेच उपरे वाटले असणार.

मोहीम मला आजही पटत नाही. पदकांचे नियमही नाहीत. काश्मिरी दरवाजाशी दारूच्या पिशव्या वाहणारे देशी सॅपर्स क्रॉसला पात्रच नव्हते. हिंदी सैनिकांना तो खुला झाला १९११ साली. तोवर त्यांच्यासाठी ऑर्डर ऑफ मेरिट. आणि मरणोत्तर क्रॉस तेव्हा गोऱ्यांनाही देत नसत. ३ एप्रिल १८५८ला झाशीच्या तटाला शिड्या लावून चढताना डिक आणि मिकलजॉन पडले, तेही बॉम्बे इंजिनिअर्सचेच. ते वाचून मला हळहळ वाटली. काकांना तसं सांगितलंही. पण झाशीचा विषय निघाला की मी अजून तटाच्या आतल्या बाजूलाच असतो, आणि तिथून मला काकाही हलवू शकलेले नाहीत.