न उठलेला देह

संहितेवरचे भाष्य आधी वाचावे आणि संहिता मागाहून हाती यावी, असा उलटा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी केलेला असतो. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत माझे तसेच झाले. जॉस व्हेडन यांची ही मालिका १९९७ ते २००३ या काळात सात पर्वांत, १४४ भागांत प्रक्षेपित झाली. ती संपून वीस वर्षे उलटल्यावर, एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधाच्या निमित्ताने, मी तिच्याकडे वळलो. तिच्या एका प्रकरणात नायिकेच्या आईच्या मृत्यूविषयी लिहिताना तिने 'येथे रूपक नाही' असे एक त्रोटक वाक्य लिहिले होते. त्याच्या समासात मी 'येथील रूपक स्पष्ट करावे' असा शेरा मारला. मालिका तेव्हा मी पाहिलेली नव्हती. तिच्यावरची समीक्षा मात्र वाचलेली होती.

त्या समीक्षेने हाती दिलेली किल्ली सोपी होती. कॅलिफोर्नियातील सनीडेल या काल्पनिक गावातील शाळा नरकाच्या मुखावर उभी आहे, आणि तिथून निघणारे प्रत्येक भूत हे वयात येण्याच्या एकेका भयाचे रूपक आहे. किल्ली चालतेही. पहिल्या पर्वात, कुणाच्याच खिजगणतीत नसलेली एक मुलगी खरोखरच अदृश्य होते. जानेवारी १९९८मधल्या एका भागात, बफीबरोबरच्या पहिल्या रात्रीनंतर तिचा प्रियकर आपला आत्मा गमावतो आणि क्रूर होऊन बसतो. अर्थ इतका उघड की तो सांगण्यासाठी समीक्षकाची गरजच उरू नये. सुरुवातीचे भाग मी काहीशा वरिष्ठ कौतुकाने पाहिले, हे कबूल करावयास हवे. रबरी मुखवटे, चटपटीत संवाद, ग्रंथपालाच्या खोलीतील प्राचीन पोथ्या यांवर हसत असताना मी प्रत्येक राक्षसाखाली त्याचा अर्थ लिहून मोकळा होत होतो. शुद्ध विस्मयकथेचा वाचक रूपककथात्मक वाचन नाकारतो, ही त्स्वेतान तोडोरोव्ह यांनी घातलेली अट मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. पडद्यासमोर मात्र मी ती दर पाऊण तासाला मोडत होतो.

मग 'द बॉडी' हा २७ फेब्रुवारी २००१ रोजी प्रक्षेपित झालेला पाचव्या पर्वातील भाग आला. बफी घरी येते तेव्हा आई, जॉइस, कोचावर निश्चल पडलेली असते. मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते. तरीही मेंदूतील रक्तवाहिनी फुटून ती जाते. कुणा राक्षसाचा यात हात नाही. भागाला पार्श्वसंगीत नाही. बफी आईच्या छातीवर दाब देते तेव्हा बरगडी मोडल्याचा आवाज ऐकू येतो. आईचे वर सरकलेले वस्त्र ती हाताने नीट करते. आईचे प्राण वाचले आहेत असे एक दृश्य क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. ते केवळ तिच्या मनातले असते. हजार वर्षे राक्षसी म्हणून जगून नुकतीच मानवी झालेली आन्या रडत विचारते की जॉइसला आपल्या देहात परत का जाता येत नाही. अतिमानुषाचा एवढा अनुभव असलेल्या पात्रालाच मृत्यूचे प्राथमिक व्याकरण ठाऊक नसावे, हे मला विलक्षण वाटले.

शेवटी शवागारात शेजारच्या मेजावरचे एक प्रेत उठते. तो व्हॅम्पायर असतो. बफी त्याचा नाश करते. त्या क्षणी माझी किल्ली निरुपयोगी झाली. या मालिकेत मेलेली माणसे दर आठवड्याला उठतात. तो तिचा संकेतच आहे. म्हणूनच जो देह उठत नाही तो या विश्वातील खरा अपवाद ठरतो. येथे अद्भुत हे वास्तवाचे रूपक नाही. शंभराच्या आसपास भाग खपून अद्भुताने एक अपेक्षा रुजवली आहे, आणि वास्तव ती फक्त एकदा पुरी करत नाही. निव्वळ वास्तववादी कथेत हा देह उठेल अशी आशाच नसती.

मूळ प्रेक्षकांना पुढच्या भागासाठी सात आठवडे थांबावे लागले. माझ्यापुढे तो काही क्षणांत आपोआप सुरू झाला. मी तो थांबवला. दुसऱ्या दिवशी पाहिला तेव्हा धाकटी डॉन मंत्राने आईला परत आणू पाहत होती. दारावर थाप पडते, बफी धावते, आणि डॉन हातातले आईचे छायाचित्र फाडते. दार उघडते; बाहेर कुणी नसते.

येथे मला वेताळपंचविशी आठवली. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली तिचे इंग्रजी रूपांतर केले तेव्हा वेताळासाठी व्हॅम्पायर हाच शब्द योजला होता, पण आठवण त्यामुळे आली नाही. मंदारवती मरते, तिच्या तीन प्रेमिकांपैकी एक तिच्या राखेवर निजतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. ती कुणाची पत्नी, असे वेताळ विचारतो आणि विक्रम उत्तर देतो. परत येणे मंदारवतीला हवे होते का, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. बफी पाचव्या पर्वाच्या अखेरीस स्वतः मरते आणि सहाव्याच्या आरंभी तिचे मित्र तिला मंत्राने परत आणतात. आपण तिला नरकातून सोडवले असे त्यांना वाटते. ती नंतर सांगते की आपण स्वर्गात होतो. वेताळाने न विचारलेला प्रश्न येथे उठलेला देहच उच्चारतो.

रूपक शोधणे हाही मृताला मंत्राने उठवण्याचाच एक प्रकार असावा. आपण अर्थ देतो आणि समोरची गोष्ट आपल्यासाठी चालू-बोलू लागते. तिला ते हवे होते का, हे विचारत नाही. विद्यार्थिनीने माझ्या शेऱ्याप्रमाणे दोन परिच्छेद वाढवले होते, त्यात आईच्या मृत्यूला बालपणाच्या अंताचे प्रतीक ठरवले होते, आणि त्याबद्दल मी तिला चांगले गुणही दिले होते. तिला मी कळवले आहे की लेख प्रसिद्ध करताना ते दोन्ही परिच्छेद काढावेत आणि तिचे पहिले वाक्य होते तसे ठेवावे.