सात बिऱ्हाडांचा वाडा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयांत, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेंत, एक जुनें संगणकयंत्र अहोरात्र घूं घूं करीत बसलेलें असे. कार्यालयानें तें टाकाऊ ठरविलें होतें. परंतु टाकाऊ ठरणें आणि निरुपयोगी होणें यांतला फरक पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकाला कोणी समजावून सांगावा लागत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें त्यावर लिनक्स बसविलें, अपाची नांवाची आज्ञावली चढविली, आणि कॉलेजचें संकेतस्थळ तेथून जगाला दिसूं लागलें. पुढें तो नोकरीसाठीं बंगळूरला गेला. जातांना म्हणाला, "सर, यांत कठीण असें कांहीं नाहीं. सगळें साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलें असतें. वाचतां आलें म्हणजे झालें." शेक्सपिअरवरील टीपा वाचण्यांत ज्याची हयात गेली त्याला वाचण्याचें भय वाटणार नाहीं, हें त्या चतुर मुलानें ओळखलें असावें. अशा रीतीनें मी त्या यंत्राचा रखवालदार झालों.

कांहीं वर्षें त्या वाड्यांत एकच बिऱ्हाड होतें. पण रिकामी खोली आणि रिकामा माणूस फार दिवस लोकांच्या नजरेंतून सुटत नाहींत. २०१४ च्या उन्हाळ्यांत ग्रंथालयाला आपली सूची तेथें हवी झाली, वनस्पतिशास्त्रवाल्यांना आवारांतील झाडांची नोंद, गणितवाल्यांना प्रश्नसंग्रह. नाट्यमंडळ आणि माजी विद्यार्थी मंडळ हींहि मागोमाग आलीं. प्रत्येकाला स्वतःचें निराळें नांव हवें होतें. आणि यंत्र एक, त्याचा आंकडी पत्ता एक!

नवे पत्ते मागावे म्हटलें तर तेहि दुर्मिळ. आंतरजालाच्या जुन्या पद्धतींत असे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होऊं शकतात, आणि फेब्रुवारी २०११ मध्यें मध्यवर्ती कोठारांतील शेवटचे गठ्ठे वांटून झाले होते. पण त्यांची गरजच नव्हती. लहानपणीं आम्ही पुण्यांत ज्या वाड्यांत राहत असूं त्याचा घरनंबर एक होता आणि आंत बिऱ्हाडें चौदा होतीं. पोस्टमन दिंडीदरवाजांत उभा राहून पाकिटावरचें नांव मोठ्यानें वाची, आणि ज्याचें त्यानें येऊन घेऊन जावें. संकेतस्थळांचें आज नेमकें असेंच चालतें. १९९१ सालच्या मूळ रीतींत मात्र येणारा पाहुणा दाराशीं येऊन 'अमुक पान द्या' एवढेंच म्हणे. कोणाच्या घरचें, तें सांगत नसे. त्यामुळें दोन स्थळांना दोन पत्ते लागत. जानेवारी १९९७ मध्यें या संभाषणाचे नियम नव्यानें प्रसिद्ध झाले, आणि ज्याच्याकडे जावयाचें त्याचें नांव पाहुण्यानें सांगितलेंच पाहिजे असें ठरलें. एका ओळीचा हा नियम. परंतु त्याच्या जोरावर एकेका यंत्रावर शेंकडों स्थळें सुखानें नांदतात.

डेबियन पंथाच्या लिनक्सांत याची व्यवस्था मोठी सुरेख आहे. दोन कप्पे असतात. पहिल्यांत प्रत्येक बिऱ्हाडाचा करारनामा. दुसऱ्यांत त्या करारनाम्याकडे बोट दाखविणारी नुसती खूण. खूण काढली कीं स्थळ बंद, पण कागद शाबूत. करारनाम्यांत मुख्य ओळी तीन: 'सर्व्हरनेम' म्हणजे पाटीवरचें नांव, 'सर्व्हरअलायस' म्हणजे टोपणनांवें, आणि 'डॉक्युमेंटरूट' म्हणजे सामान कोणत्या खोलींत आहे तें. लिहून झाल्यावर यंत्राला आधीं तें तपासावयास सांगावें, मगच अंमलांत आणावें. पहिल्या दिवशीं एक कोनी कंस मिटवावयाचा राहिला, तेव्हां यंत्रानें नेमकी ओळ दाखवून मला परत धाडलें. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें खुणा करणाऱ्यांस हा अनुभव अधूनमधून यावा.

सातवें बिऱ्हाड मीं आपण होऊन आणलें. मराठी विभागांतील आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनीं पंचवीस वर्षें खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. कांहीं लिहून, कांहीं बायांच्या प्रत्यक्ष आवाजांत. त्यांचें स्वतःचें संकेतस्थळ होतें. ते वारल्यावर थोड्याच महिन्यांत, जेथें तें फुकट ठेविलें होतें त्या कंपनीनें आपलें दुकान आवरलें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, पुस्तक निघालें नाहीं. हें तरी राहावें." मीं सगळ्या फायली आणल्या, करारनामा लिहिला, घरच्या संगणकावरून स्थळ उघडून पाहिलें, जात्याची घरघर ऐकली, आणि समाधानानें झोंपलों.

पंधरा दिवसांनीं त्यांच्याकडे गेलों तेव्हां त्यांनीं चहा पुढें ठेवीत म्हटलें, "तुम्ही प्रयत्न केलात, तेंच पुष्कळ झालें. कॉलेजची जागा कॉलेजला लागणारच." मला अर्थबोध होईना. त्यांनीं यजमानांची जुनी डायरी काढली, तींतला पत्ता एकेक अक्षर पाहून लिहिला, आणि पडद्यावर आमची प्रथम वर्षाच्या प्रवेशाची सूचना उभी राहिली: शुल्क, मुदत आणि प्राचार्यांची सही. गेले पंधरा दिवस त्या बाई रोज सकाळीं ही सूचना वाचून संगणक मिटवीत होत्या. तक्रार कोणाकडे करावयाची? ज्यांनीं ओव्या काढून टाकल्या असें वाटत होतें, त्यांच्याकडेच?

डायरींतल्या पत्त्याच्या आरंभीं तीन डब्ल्यू होते. मीं करारनाम्यांत त्यांवांचूनचें नांव लिहिलें होतें आणि टोपणनांवांची ओळ कोरी सोडली होती. अपाचीचा नियम असा कीं पुकारलेलें नांव कोणत्याहि पाटीशीं जुळलें नाहीं, तर पाहुण्याला पहिल्या बिऱ्हाडांत नेऊन बसवावें. आणि पहिलें बिऱ्हाड अर्थात् कॉलेजचें! नोंदवही पाहिली तर तींत चूक म्हणून एक अक्षर नाहीं. प्रत्येक भेटीपुढें २०० हा आंकडा, म्हणजे पाहुण्याचें यथास्थित स्वागत झालें. त्यानें नांव कोणाचें घेतलें होतें हें त्या वहींत लिहिण्याची रीतच नव्हती.

कंस चुकला तेव्हां त्याच यंत्रानें मला दारांतून परतविलें होतें. येथें तें हंसतमुखानें भलत्याच घरचें पान पुढें करीत होतें. पहिल्या प्रकाराचा मला राग आला होता. दुसऱ्याचा येऊं लागला तेव्हां ध्यानांत आलें कीं यंत्रानें माझेंच लिहिणें तंतोतंत पाळलें आहे. दुरुस्ती एका ओळीची होती. ती करून मीं वहिनींना फोन लावला. त्यांनीं पत्ता पुन्हा लिहिला, आणि फोनमधून ओवीचा आवाज ऐकूं आला. दोघांपैकीं कोणीच बराच वेळ बोललें नाहीं.

त्याच आठवड्यांत मीं पहिल्या बिऱ्हाडाची जागा बदलली. कॉलेजला स्वतःच्या नांवानें खालीं आणलें, आणि सर्वांत आरंभीं एक रिकामी खोली ठेविली. तेथें एकच वाक्य आहे: 'या नांवाचें स्थळ येथें नाहीं, चौकशी ग्रंथालयांत करावी.' जोडीला २०० नव्हे, ४०४ हा आंकडा, म्हणजे मागितलेलें मिळालें नाहीं. त्या खोलीच्या नोंदवहींत आतां पुकारलेलें नांवहि उतरतें. कॉलेजनें आपलें पहिलें स्थान गेल्याबद्दल अद्याप विचारणा केलेली नाहीं; मींहि कळविलेलें नाहीं.

पुढें कुलुपांचा प्रश्न आला. सुरक्षित स्थळांत बोलणें सुरू होण्याआधीं दाखला दाखवावा लागतो. पण पाहुण्यानें नांवच सांगितलेलें नसेल, तर सातांपैकीं कोणाचा दाखला दाखवावयाचा? यावर २००३ मध्यें तोड निघाली कीं दार उघडण्यापूर्वींच नांव पुकारावें. तें बहुतेक ठिकाणीं अजूनहि वाटेंतल्या चार जणांना ऐकूं जाईल असेंच पुकारलें जातें; वाड्यांत वाढलेल्याला याचें नवल नाहीं. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था सर्वांना फुकट दाखले देऊं लागली, तेव्हां आम्हीं सातहि बिऱ्हाडांना कुलुपें लावलीं.

जिन्याखालचें तें यंत्र आतां नाहीं. त्याच्या जागीं दुसरें आलें, आणि करारनामे जुनेच उचलून ठेविले. रिकाम्या खोलीची वही मी अधूनमधून चाळतों. ओव्यांच्या स्थळाच्या नांवामागें कोणीं कांहींहि लिहिलें तरी तो पाहुणा आमच्याच दाराशीं यावा, अशी तजवीज मीं मागेंच करून ठेविली आहे. परवां त्या वहींत तेंच नांव ओळीनें पांचदां आलेलें दिसलें. कोणी तरी तीन डब्ल्यूंऐवजीं दोनच लिहून पुन्हा पुन्हा दार ठोठावीत होतें. त्या रात्रीं मीं तें टोपणनांवहि पाटीवर चढविलें, आणि दाखल्यांत घालून घेतलें.