मयूर विहारची जलसफर

समुद्रपर्यटन म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते. चोहीकडे निळे पाणी, डेकवर आरामखुर्च्या, दुपारी एखाद्या विद्वानाचे इतिहासावर व्याख्यान आणि रात्री झुंबरांखाली पंचपक्वान्नांचे जेवण. मुंबईकराला हे निदान बंदरावरून पाहता तरी येते. 2018 साली कान्होजी आंग्रे यांची आठवण जागवणारी ‘आंग्रिया’ मुंबईहून गोव्याला निघाली, तेव्हा कोकणच्या आगबोटीतून गावी गेलेल्या कितीतरी आजी-आजोबांना भरून आले असेल. पण दिल्लीकराने काय करावे? समुद्र तेथून हजारेक किलोमीटर दूर. त्यातही तो राहणार यमुनेपलीकडच्या मयूर विहारला, म्हणजे दिल्लीकरांच्या भाषेत ‘जमनापार’!

तरीही पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरले की मयूर विहारची मराठी मंडळी त्यांना हमखास एका जलसफरीला नेतात. त्यासाठी मेट्रोचे एकच स्टेशन जावे लागते. मयूर विहार फेज एकला बसायचे आणि पुढच्याच अक्षरधामला उतरायचे.

नोव्हेंबर 2005 मध्ये खुले झालेले हे स्वामिनारायण मंदिर गुलाबी दगड आणि पांढऱ्या संगमरवराचे आहे. त्याची उंची 141 फूट. खालच्या गजेंद्रपीठावर दगडाचे 148 हत्ती कोरलेले आहेत. मुले ते मोजायला लागतात आणि पन्नाशीच्या आत कंटाळतात. जलसफर मात्र मंदिरात नसून प्रदर्शनाच्या दालनात आहे, आणि तिला वेगळे तिकीट पडते.

होडीचा आकार मोराचा. मयूर विहारहून येणाऱ्यांना याची गंमत वाटावी! होडी अंधाऱ्या बोगद्यात शिरते. वल्ही नाहीत, नावाडी नाही. दोन्ही काठांवर माणसाएवढे पुतळे आणि कानांवर अखंड निवेदन. हेच इथले व्याख्यान. वैदिक काळातील घर, बाजार, तक्षशिलेचा आश्रम, आर्यभट, पाणिनी अशी दृश्ये एकामागून एक सरकतात. पुढे मीराबाई भेटते, कबीर भेटतो, शेवटी जगदीशचंद्र बोस आणि रामानुजन. दहा हजार वर्षांचा इतिहास बारा मिनिटांत! इतिहासाच्या प्राध्यापकाला सोबत नेले तर तो होडीतच वाद घालील. काही दावे इतके छातीठोक आहेत की, त्यांत थोडे ‘कदाचित’ मिसळले असते तर बरे झाले असते. पण शाळकरी मुलगा घरी परतल्यावर आर्यभट कोण होता म्हणून विचारतो, हेही खरेच.

सफरीनंतर भूक लागते. ‘प्रेमवती’ हे उपाहारगृह अजिंठा-वेरूळच्या लेण्यांच्या धर्तीवर बांधलेले आहे. संभाजीनगरचा पाहुणा दिल्लीपर्यंत येऊन पुन्हा लेण्यातच जेवायला बसतो आणि मनापासून हसतो. सगळे शाकाहारी, कांदा-लसणाशिवायचे. झुंबरे नाहीत, ताट आपले आपणच उचलून आणायचे. पण दिवसभर उन्हात चाललेल्या कुटुंबाला त्या गारव्यात बसून खाण्याचे जे सुख मिळते, ते कमी नाही.

मंदिराभोवती नारायण सरोवर आहे. त्यात मानसरोवरासह 151 नद्या-सरोवरांचे पाणी आणून घातल्याचे सांगतात. काठाने चालताना पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारतेच, ‘‘आणि यमुना कुठे आहे हो?’’

प्रश्न साधा आहे, पण यजमान जरा अडखळतात. यमुना तिथेच, पश्चिमेला, अगदी जवळ आहे. हे मंदिर तिच्याच पूरमैदानावर उभे आहे, आणि पूरमैदानात बांधकाम असावे की नसावे, हा वाद दिल्लीत बराच गाजलेला. पण या नदीवर पाहुण्यांना होडीतून फिरवावे, असे कोणाच्या मनात येत नाही. हरियाणात हथनीकुंडला तिचे बरेचसे पाणी कालव्यांत वळते. वझीराबादच्या पुढे, पावसाळा सोडला तर, तिच्यात येते ते मुख्यतः शहराच्या नाल्यांचे पाणी. वझीराबाद ते ओखला हा पट्टा अवघा 22 किलोमीटरचा, पण नदीच्या घाणीचा मोठा वाटा याच पट्ट्यात पडतो. कागदावर मात्र दिल्लीतील जगतपूरपासून प्रयागराजच्या संगमापर्यंतची यमुना 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 110 झालेली आहे!

मयूर विहारच्या बाल्कनीतून नदी दिसत नाही. दिसतात ती चिल्ला खादरची हिरवी शेते. तेथे भाजी पिकवणाऱ्या माणसांनाच नदीची खरी खबर असते. जुलै 2023 मध्ये ती खबर सगळ्या शहराला कळली. 13 तारखेला जुन्या लोखंडी पुलाजवळ पाणी 208.66 मीटरवर चढले आणि 1978 चा 207.49 मीटरचा उच्चांक मोडला. खादरमधील कुटुंबे गुरे, भांडी, चारपाया घेऊन मयूर विहारच्या रस्त्याकडेला तंबूंत आली. त्या दिवसांत दिल्लीत बचाव पथकांच्या होड्या फिरत होत्या. तेवढ्यापुरती यमुनेत जलवाहतूक झाली, असे म्हणायचे.

सफरीचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, सोमवारी मंदिर बंद असते. मोबाइल आणि कॅमेरा आत नेता येत नाही, तेव्हा मुलांना आधीच समजावून ठेवावे. मंदिर, प्रदर्शन आणि सायंकाळचा कारंज्यांचा खेळ, एवढे पाहायचे तर अर्धा दिवस हाताशी हवा.

परतीचे पाहुणे नवी दिल्ली स्टेशनकडे जाणारे असतील तर यमुना बँक स्टेशन सोडल्यावर गाडी पुलावर चढते. आजी पर्समधून एक नाणे काढतात. मग मेट्रोची काच उघडत नाही, हे त्यांच्या लक्षात येते. त्या नाणे मुठीत तसेच धरून खालच्या काळ्या पाण्याकडे पाहत हात जोडतात.