बीडमध्ये बीडकर का सापडत नाही?

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार, पुण्याहून बीडकर बोलतोय."

मी सवयीनं म्हणलं, "बोला की साहेब, बीडकर तर आम्ही पण आहोत. नाव काय आपलं?"

पलीकडं हसू आलं. "अहो, आडनावच बीडकर आहे माझं."

वीस-बावीस वर्षं बातमीदारी करतोय. "बीडकर" हा शब्द किती हजार वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. 'बीडकरांना पंधरा दिवसांनी पाणी', 'खड्ड्यांनी बीडकर हैराण', 'बीडकरांनी अनुभवला शोभायात्रेचा थाट'. पण आडनाव म्हणून बीडकर लावणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता, तोही फोनवर.

गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त. कुणाच्या तरी ओळखीतून माझा नंबर मिळाला होता. म्हणाले, "आजोबा सांगायचे, आपण मूळचे बीडचे. मी काही कधी गाव बघितलं नाही. येऊ का एकदा?"

"या की. गाव तुमचंच आहे," म्हणलं.

आले. सोबत मुलगा. (त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय.) त्यांना पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं मंदिर दाखवलं, खंडेश्वरी दाखवली, शहेनशाहवलींचा दर्गा दाखवला. खजाना विहिरीवर नेलं. सोळाव्या शतकातली विहीर, भुयारी कालव्यातून पाणी आपसूक शेतात जातं, हे ऐकून काका बराच वेळ काठावर उभे होते. मग हळूच विचारलं, "इथं आमचे भाऊबंद कोण असतील हो?"

मी ओळखीच्या चार जाणत्या माणसांना फोन लावले. एकाला पण गावात राहणारा, पिढीजात बीडकर आडनावाचा माणूस आठवेना.

त्यात नवल नाही. थोडा विचार केला की कळतं.

आपल्याकडं गावाला "कर" लावून आडनाव होतं ते गाव सोडल्यावर. गावातच राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? तिथं सगळेच त्या गावचे. माणूस दुसऱ्या मुलखात गेला की तिथले लोक विचारतात, कुठला? तो सांगतो, बीडचा. झाला बीडकर. एक-दोन पिढ्यांनी मूळचं देशपांडे, जोशी, पाटील जे काही असेल ते मागं पडतं आणि शाळेच्या दाखल्यावर बीडकर पक्कं होतं. म्हणजे हे आडनाव गाव देत नाही, परगाव देतं.

आपल्याच जिल्ह्यातली बाकीची नावं बघा. चौसाळा आपल्या बीड तालुक्यात, पण राज्यशास्त्राचे अभ्यासक अशोक चौसाळकर यांची कारकीर्द गेली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. धारूरचा किल्ला आपला, पण वि. ल. धारूरकर सरांचं नाव माझ्यासारख्या पत्रकारितेचा डिप्लोमा केलेल्यांना माहीत आहे ते छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठामुळं. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात कुरुंदा आहे, नरहर कुरुंदकर मात्र नांदेडचे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक. अपवाद आहेत. केज तालुक्यातल्या आडसचे बाबुराव आडसकर जिल्ह्यातच राहून आडसकर म्हणून गाजले. पण राजकारणात गावाचं नाव लावण्याची गोष्ट वेगळी, तिथं ते नाव मानाचं आणि हक्काचं असतं.

मग बीडकर कुठं आहेत? सार्वजनिक जीवनातली जी नावं चटकन आठवतात ती सगळी जिल्ह्याबाहेरची. पुण्यात रामानंद बीडकर महाराज होऊन गेले, अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या शिष्यपरंपरेतले. पुण्याच्याच महापालिकेत गणेश बीडकर हे नाव वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. नाशिक जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी डांग सेवा मंडळ उभं करणारे दादासाहेब बिडकर. पेठसारख्या आदिवासी तालुक्यात त्यांच्या नावानं कॉलेज आहे. ही सगळी एकाच घराण्यातली, असं मी म्हणत नाही. गावाचं नाव कुणीही सोबत घेऊन जाऊ शकतो. बामण नेतो, मराठा नेतो, सोनार नेतो, शिंपी नेतो.

अजून एक गंमत. बीड एकटं आपलंच नाही. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात कसबा बीड आहे, शिलाहारांच्या काळातलं जुनं गाव. पावसाळ्यात तिथं शेतात सोन्याची जुनी नाणी सापडतात म्हणून प्रसिद्ध. आता एखादा बिडकर तिथला पण असू शकतो की. तसंच परळीकरांचं. परळी म्हणलं की आपल्याला वैजनाथ आठवतो, पण सातारच्या सज्जनगडाच्या पायथ्याला पण परळी आहे. आडनाव दिशा दाखवतं, पत्ता सांगत नाही.

मी काकांना विचारलं, "कुलदैवत कोणतं?" ते म्हणाले, "अंबाजोगाईची योगेश्वरी." मला जरा हुरूप आला, पण त्यानं पण काही सिद्ध होत नाही. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरीच आहे. तरी एवढं खरं, की आडनाव दोन पिढ्यांत बदलतं, कुलदैवत सहसा बदलत नाही. म्हणून मूळ शोधणाऱ्यानं आधी कुलदैवत बघावं, मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या बघाव्यात. यात्रेला आलेल्या आपल्या पूर्वजानं तिथं स्वतःचं, बापाचं, आज्याचं नाव आणि गाव लिहून ठेवलेलं असतं. काकांना तेच सांगितलं.

सरकारी दप्तरात बघायचं तर आपल्या मराठवाड्यात वेगळीच पंचाईत. इथं 1948 पर्यंत निजामाचं राज्य. जुन्या नोंदी उर्दूत, मोडीत. आणि त्यात बहुतेक ठिकाणी आडनावच नाही. 'अमुक वलद तमुक', म्हणजे अमुक, तमुकचा मुलगा, एवढंच. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा तहसीलच्या बाहेर पिशवीत कागद घेऊन उभी असलेली माणसं मी रोज बघितलीत. पणजोबाचं नाव सापडायचं, पण तो पणजोबा आपलाच, हे दाखवायचं कसं? कागदावर आडनाव नाही. ज्या आडनावावरून आज गावात पाणी पेटतं, ते शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर नव्हतंच.

आता काकांबरोबरचा तो प्रसंग, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

मंदिराच्या पायऱ्यांवर एक म्हातारे बाबा बसले होते. धोतर, टोपी, हातात काठी. मोठ्या प्रेमानं विचारपूस केली. कुठून आलात, जेवलात का. मग ठरलेला प्रश्न.

"आडनाव काय पाव्हणं?"

"बीडकर."

"ते झालं. खरं आडनाव?"

"हेच खरं, बाबा."

"तसं नव्हं. म्हंजे तुम्ही कोण?"

काका गोंधळले. त्यांना खरंच कळेना काय विचारतायत. मला कळलं होतं. त्यांच्या मुलालाही कळलं असावं, तो मोबाईलमध्ये बघायला लागला. बाबांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांना फक्त माणूस कोणत्या खान्यात ठेवायचा ते कळत नव्हतं. आणि खरं सांगू? गाडीतून येताना तोच प्रश्न माझ्याही मनात दोनदा येऊन गेला होता. मी कुलदैवत विचारलं ते काय फक्त इतिहासासाठी? थोडं त्यासाठी, थोडं त्या दुसऱ्या कारणासाठी. लाज वाटली म्हणून इथं लिहून टाकतोय.

आपल्या जिल्ह्यात आडनाव ही ओळख राहिली नाही, ती झडती झालीय. 2024 च्या लोकसभेला काय झालं ते आपण बघितलं. कोणत्या दुकानातून किराणा घ्यायचा, कोणत्या हॉटेलात चहा प्यायचा, हे आडनावावरून ठरायला लागलं. मग त्याच वर्षी 9 डिसेंबरला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि पुढं कित्येक महिने टीव्हीवर आपला जिल्हा. अधिकाऱ्याची बदली होऊन नवा आला की पहिली चर्चा कामाची नाही, आडनावाची. बातमी लिहिली की खाली प्रतिक्रिया, 'याचं आडनाव बघा, मग कळेल असं का लिहिलं.' मला पण आल्यात.

म्हणूनच 2025 मध्ये पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारायला सांगितलं, तेव्हा राज्यभर बातमी झाली. काही जण हसले. पाटी काढून जात जाते का? नाही जात. पण ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या माणसाची नजर आधी पाटीवर जायची आणि तिथंच त्याचा चेहरा पडायचा किंवा फुलायचा, हे मी बघितलेलं आहे. निदान तेवढा एक क्षण तरी वाचला.

तसं बघितलं तर आडनावावरून जात ओळखणं हा आपला गैरसमजच जास्त. जाधव मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, दलितांत आहेत. पवार मराठ्यांत आहेत आणि पारध्यांतही. देशमुख, पाटील ही तर वतनं होती, ज्याच्याकडं काम त्याला नाव. तरी आपण अंदाज बांधतो, आणि चुकला की अजून दोन प्रश्न विचारतो.

जगात आडनावाचं सगळीकडं असंच आहे असं नाही. फिनलंडमध्ये 1920 च्या कायद्यानं प्रत्येकाला आडनाव घेणं सक्तीचं झालं, तोवर कितीतरी लोकांना ते नव्हतंच. त्या देशाच्या पश्चिम भागात जुनी रीत अशी, की माणूस ज्या शेतवाडीवर राहायला जाईल त्या वाडीचं नाव त्याला लागायचं. वाडी बदलली की नाव बदललं. म्हणजे तिथं जिथं पोचाल त्याचं नाव, आपल्याकडं जे सोडाल त्याचं. आज तिथं कोणतं आडनाव किती जणांचं आहे हे सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. आपल्याकडं मतदार यादीत शोधायला जा, तर 'बीडकर' दीर्घ लिहिला की 'बिडकर' ऱ्हस्व सापडत नाही.

काका संध्याकाळी निघताना म्हणाले, "पुण्यात आडनाव सांगितलं की लोक हल्ली विचारतात, म्हणजे त्या बीडचे का? तुमच्याकडं काय चाललंय काय?" आणि कसनुसं हसले. ज्या गावात त्यांनी एक रात्र काढली नाही, त्या गावाची बदनामी त्यांच्या दारावरच्या पाटीवर जाऊन बसलीय.

मी त्यांना माझ्या पुतण्याचं सांगितलं. मागच्या वर्षी पुण्यात रूम बघायला गेला. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. आधार कार्डावर 'जि. बीड' बघितलं आणि घरमालक म्हणाला, दोन दिवसांनी कळवतो. ते दोन दिवस अजून संपले नाहीत. त्याला कुणी बीडकर म्हणलं नाही. बीडवाला म्हणलं.

दसरा झाला की आपल्याकडून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार आणि लेकरं. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. वर्षाचे पाच-सहा महिने गावाबाहेर. पूर्वीच्या काळी लोक बीड सोडून गेले आणि बीडकर झाले. ही माणसं दरसाल बीड सोडून जातात आणि त्यांना कुणी गावाचं नाव पण देत नाही. मोजताना सुद्धा माणूस नाही, कोयता मोजतात.

काका गेल्यावर रात्री ऑफिसात दुसऱ्या दिवसाची बातमी लिहायला बसलो. पाणीपुरवठ्याची होती. हेडिंग टाकलं, 'बीडकरांच्या घशाला कोरड', आणि थांबलो. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या शब्दाकडं नीट बघितलं. त्यात वंजारी आहे, मराठा आहे, दलित आहे, मुसलमान आहे, माळी, धनगर, बामण, मारवाडी सगळे आहेत. बीडकर म्हणून लिहिताना मी कधी कुणाचं आडनाव विचारलं नाही. वाचणाऱ्यानं पण कधी विचारलं नाही, की यातले 'आपले' किती. नळाला पाणी नाही तर कुणालाच नाही.

पुण्यातल्या त्या एका घरानं कोणतीतरी जुनी ओळख सोडून तेवढं एकच नाव जपून ठेवलंय. आपल्याला ते फुकट मिळालंय आणि आपण ते फक्त पाणी नसलं की वापरतो.

एक विनंती. तुमचं आडनाव गावावरून पडलेलं असेल, बीडकर, चौसाळकर, धारूरकर, परळीकर, कोणतंही, तर खाली लिहा. आता कुठं राहता, आजोबा काय सांगायचे, कुलदैवत कोणतं, लिहा. सगळं एकत्र करून काकांना पाठवतो. कदाचित एखादा भाऊबंद सापडेल.

फक्त "म्हणजे तुम्ही कोण?" असं कुणी कुणाला विचारू नका. मी पण नाही विचारणार. सवय आहे, मोडायला वेळ लागेल.

(या पोस्टखाली माझं आडनाव मुद्दाम लिहिलेलं नाही. प्रोफाईलवर आहे. बघाल तुम्ही, मला माहीत आहे. पण आधी पोस्ट वाचून झाली, एवढं पुष्कळ झालं.)