पाणी बाळाला नव्हे, बाळंतिणीला!

आमचे घर पहूरचे. जामनेर तालुक्यातले, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. खानदेशचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते. अशाच दिवसांत, बुद्ध पौर्णिमेच्या आठवड्यात, माहेरी आलेल्या आमच्या थोरल्या लेकीला मुलगी झाली. पहिले दोन महिने आम्ही आजी-आजोबांनी नातीला त्याच पत्र्याच्या घरात सांभाळले. आम्ही मजुरी करणारी माणसे. कूलर नाही, बाजारातली महागडी वस्तू नाही. तरी नात अंगाने भरली. त्या दोन महिन्यांत जे उपयोगी पडले ते माता-भगिनींपुढे मांडत आहोत.

घरी बघायला येणारी प्रत्येक बाई दोन गोष्टी सांगून जायची. बाळाकडे बघून म्हणायची, “ओठ सुकलेत पोरीचे, चमचाभर पाणी पाजा.” आणि बाळंतिणीकडे बघून म्हणायची, “बाई, पाणी कमी पी, बाळाला सर्दी होईल.” म्हणजे जिला पाणी हवे तिला बंदी आणि जिला नको तिला चमचा! सांगणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण आशाताईंनी समजावले तेव्हा आम्हाला खरे काय ते पटले.

आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असते. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत, भर उन्हाळ्यातही, बाळाला वरचे पाणी लागत नाही. बाळाचे पोट इवलेसे. ते पाण्याने भरले की बाळ दूध कमी ओढते, आणि बाळ कमी ओढू लागले की आईचे दूधही कमी होते. शिवाय उन्हाळ्यातले साठवलेले पाणी कितपत स्वच्छ असणार? त्यातून जुलाब लागले तर कोवळे बाळ काही तासांत गळते. म्हणून पाणी नाही, मध नाही, गुळाचे पाणी नाही, घुटी नाही. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी धरावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये, रोगाशी लढण्याची ताकद त्यातच असते. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. दूध पुरते की नाही ही शंका प्रत्येक आईला येते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

पाणी प्यायचे ते बाळाच्या आईने. आमच्या घरी नियम केला होता. लेक बाळाला पाजायला बसली की तिच्या हाताशी माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवायचा. जेवणात भाकरी, वरण, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडे. “हे खाऊ नको, ते बाधेल” असे म्हणत तिचे ताट रिकामे केले नाही. पण उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईलच असे नाही, हंडे दुरून आणावे लागतात. ते कोणी आणायचे? आमच्या घरात ते काम आजोबांनी आणि मामाने घेतले. चार लोक हसले, हसू द्यावे. ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावर हंडा देऊन बाळाची काळजी घेतली जात नाही.

आता उष्म्याविषयी. चैत्रातच पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात मारून घेतले. पांढऱ्या पत्र्यावरून ऊन परतते आणि खोली कमी तापते. खिडकीला ओले गोणपाट लावले, पण समोरचे दार उघडे ठेवले. वारा खेळता नसेल तर ओलाव्याने उकाडा वाढतो. पंखा चालतो, त्याचा झोत मात्र थेट बाळावर नको. बाळाच्या अंगात जुन्या लुगड्याचे एकच सैल झबले. टोपी, मोजे आणि वर दुपटे हे थंडीतले कपडे, ते वैशाखात नकोत. झोळी चुलीपासून दूर, वाऱ्याच्या वाटेवर आणि जमिनीपासून फार उंच न बांधता. बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी आम्ही ठेवली नाही. कोंडलेल्या खोलीतला निखाऱ्याचा धूर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

बाळाला उकडते की गारठते हे हाताने कळते. आपल्या हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावावी. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक आहे. पोट कोमट आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ उन्हाळ्यातही आंघोळीनंतर गारठते. अशा वेळी त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून कापड घ्यावे.

पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये, नुसते पुसून कोरडे करावे. नाळेला हळद, तेल, राख काही लावू नये. ती कोरडी ठेवली की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप गळते. मालीश सकाळी, हलक्या हाताने. नाका-कानांत तेल घालणे, बाळाच्या छातीच्या गाठी पिळणे, डोळ्यांत काजळ भरणे या गोष्टी सोडून द्याव्यात.

आठव्या दिवशी दुपारी लाईट गेली होती. नात अंगाने गरम लागू लागली आणि दूध ओढेना. झबले काढले, सावलीत घेतले, ओल्या फडक्याने पुसले, पुन्हा छातीशी धरले, तरी ती डोळे उघडेना. शेजारून सल्ला आला, “नजर लागली, मीठ-मोहरी उतरवा.” आम्ही मीठ-मोहरी शोधत बसलो नाही, थेट दवाखाना गाठला. वाटेत लेक तिला पाजायचा प्रयत्न करत राहिली. डॉक्टरांनी ताप पाहिला, श्वास मोजला, उपचार केले आणि दोन दिवस ठेवून घेतले. घरी आणली तेव्हा ती भुकेने रडत होती, आणि ते रडणे ऐकून सगळे घर हसत होते.

म्हणून ही लक्षणे पाठ करावीत. बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते, झटके येतात, ताप येतो किंवा अंग गार पडते, छाती आत ओढली जाते, श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेभोवती लाली किंवा पू दिसतो. यांतले एकही दिसले तर तासभरही थांबू नये. १०२ किंवा १०८ क्रमांकावर फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्या बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहे.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नये. या भेटींमागे आपल्या महाराष्ट्राचेच काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये हे जगापुढे आले, २०११ पासून देशभर आशाताईंमार्फत घरभेटी सुरू झाल्या.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या बाळंतपणातल्या पगारी विश्रांतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची रजा मिळते. कापूस वेचणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना ती कोण देणार? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, ते अंगणवाडीत नाव नोंदवून जरूर घ्यावेत आणि तिच्याच खाण्यापिण्यावर खर्च करावेत. पण विश्रांती मात्र घरानेच द्यायची आहे. सासूने चूल, सासऱ्याने पाणी, नवऱ्याने धुणे उचलावे. बाळंतिणीला सुख मिळाले की बाळाला ते दुधातून पोचते.

जयभीम!