घेतलेलं व्याकरण

‘तो जेवून राहिला’ म्हणजे पुण्यात पाहुण्याचं जेवण आटोपलं आणि तो मुक्कामाला थांबला. नागपूरजवळच्या काटोलात मात्र घास अजून त्याच्या हातात आहे. ‘काय करून राहिला बे?’ हे इकडचं रोजचं वाक्य. हिंदीतल्या ‘कर रहा है’चं ते वळण आहे, आणि ते इथे यावं यात नवल नाही. मध्य प्रदेशातले पांढुर्णा, सौंसर शेजारी, आणि 1956पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी. पण या घेण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. हिंदीत ‘रहा’च्या आधी नुसता धातू येतो, काटोलकराने तिथे मराठीचा ‘ऊन’ लावला. साचा शेजाऱ्याचा, माती घरची. कोणी म्हणेल, ‘बसून राहिला’ तर आपल्याकडे आधीपासून होतंच. होतं, पण थांबण्याच्या अर्थाने. चालू क्रियेचा अर्थ त्याला शेजारामुळे आला, असं मला वाटतं. म्हणून ही भाषा बिघडली असं मी म्हणणार नाही. ‘तो म्हणाला की’ ही रचनाही फारसीच्या वळणाची मानतात. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्द बदलले, सावरकरांची भाषाशुद्धीही शब्दांमागेच लागली; ‘की’ला कोणी हात लावला नाही.

यावर खरा आक्षेप असा, की वऱ्हाडी-नागपुरीला मराठीचा आधार आहे. दुबळ्या भाषेने असं घेतलं तर ती संपेल. मेक्सिकोतली नाहुआत्ल पाहावी. तिथे स्पॅनिश तलवारीबरोबर आली, 1770मध्ये स्पेनच्या राजाने स्थानिक भाषा मोडीत काढण्याचा हुकूमच काढला. नाहुआत्लने स्पॅनिशचे ‘पेरो’ (पण), ‘पोर्के’ (कारण) उचलले. संबंध दाखवणारं ‘दे’ही आलं, तेही स्पॅनिशसारखंच नामाच्या आधी. तरी 2020मध्ये तिचे सोळा लाखांवर भाषक होते. मालिंचे पर्वताभोवतीच्या गावांत जेन आणि केनेथ हिल या अभ्यासकांना उलटंच दिसलं: शुद्ध बोलीचा आग्रह धरणाऱ्यांच्या टोकण्याने तरुण बोलायलाच लाजत. माझा मुद्दा इथेच आहे. उसनवारीने भाषा मरत नाही, लाजेने मुलांपर्यंत पोचायची थांबते. आपल्याकडच्या गोंडीचंच पाहा. 2011च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे 29 लाखांवर होते. त्यांच्या एखाद्या पोराने गोंडी वाक्यात मराठी ‘पण’ घातला, तर त्याला अडवू नये, त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. अडून बसायचंच तर पहिलीच्या वर्गात गोंडी जाणणारा गुरुजी मिळावा म्हणून बसावं.